दोलायमान जलस्तंभ

दोलायमान जलस्तंभ हे समुद्रातील लाटांच्या ऊर्जेपासून वीज निर्माण करणारे एक साधन आहे. त्यात वरून बंद आणि खाली पाण्यात उघडणारा एक पोकळ कक्ष असतो. लाटांमुळे कक्षातील पाण्याची पातळी वरखाली होते, पाण्यावर कोंडलेली हवा आळीपाळीने बाहेर ढकलली व आत ओढली जाते आणि हवेच्या या प्रवाहावर टर्बाइन फिरते. टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज मिळते. लाटांपासून वीज मिळवण्याच्या पद्धतींपैकी ही सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक पारखल्या गेलेल्या पद्धतींत मोडते. जपान, नॉर्वे, ब्रिटन, पोर्तुगाल, स्पेन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत तिचे प्रकल्प उभारले गेले. भारतात केरळमधील विझिंजम येथे १९९१ साली असे प्रायोगिक केंद्र सुरू झाले.

या साधनाचे टर्बाइन, जनित्र आदी फिरते भाग पाण्याबाहेर राहतात. त्यामुळे समुद्राच्या माऱ्यापासून यंत्राचा बचाव करणे तुलनेने सोपे जाते. तरीही मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीसाठी ही पद्धत अद्याप रुळलेली नाही.

लाटांमधील ऊर्जा

सूर्याच्या उष्णतेमुळे पृथ्वीचा पृष्ठभाग असमान तापतो व त्यातून वारे निर्माण होतात. हे वारे समुद्राच्या पृष्ठभागावरून वाहताना आपल्या ऊर्जेचा काही भाग पाण्याला देतात आणि लाटा उठतात. या अर्थाने लाटांची ऊर्जा हे सौर ऊर्जेचेच दुय्यम रूप होय. भरती-ओहोटीची ऊर्जा मात्र चंद्र व सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणातून येते. म्हणून या दोन ऊर्जास्रोतांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

लाट पुढे सरकते तेव्हा पाणी तिच्याबरोबर प्रवास करत नाही. पाण्याचे कण जवळपास जागच्या जागी वर्तुळाकार फिरतात व पुढे जाते ती ऊर्जा. खोलीबरोबर ही वर्तुळे लहान होत जातात आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ नाहीशी होते. ८ सेकंद आवर्तकालाच्या लाटेची खोल समुद्रातील तरंगलांबी सुमारे १०० मीटर असते. अशा लाटेची बहुतेक सर्व ऊर्जा पृष्ठभागापासून ५० मीटर खोलीपर्यंतच्या थरात सामावलेली असते.

लाटांची शक्ती ‘किलोवॉट प्रति मीटर’ या एककात मोजतात. लाटेच्या शिखररेषेच्या एक मीटर रुंदीतून किती शक्ती वाहते, हे त्यावरून समजते. ही शक्ती लाटेच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट होते. खोल समुद्रात २ मीटर उंचीच्या व ८ सेकंद आवर्तकालाच्या लाटांमधून दर मीटरला सुमारे १६ किलोवॉट शक्ती वाहते. वादळात लाटांची उंची १० मीटर व आवर्तकाल १३ सेकंद झाल्यास हाच आकडा सुमारे ६४० किलोवॉट, म्हणजे चाळीसपट होतो. यंत्राला वर्षातील बहुतेक दिवस पहिल्या प्रकारच्या लाटांवर वीज निर्माण करावयाची असते, पण त्याची बांधणी मात्र दुसऱ्या प्रकारच्या लाटा सोसण्याइतकी भक्कम ठेवावी लागते. लाटांपासून वीजनिर्मिती करणाऱ्या सर्वच साधनांपुढील ही मूलभूत अडचण आहे.

युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यालगत लाटांची वार्षिक सरासरी शक्ती अनेक ठिकाणी ४० ते ७० किलोवॉट प्रति मीटर असते. भारतीय किनाऱ्यावर ती साधारणपणे ५ ते १५ किलोवॉट प्रति मीटर मानली जाते.

कार्यतत्त्व

खडकाळ किनाऱ्यावरील काही गुहांच्या छताला भोक असते. लाट गुहेत शिरली की त्या भोकातून हवा व तुषार मोठ्या आवाजाने बाहेर फेकले जातात. दोलायमान जलस्तंभाचे तत्त्व हेच आहे. काँक्रीटच्या किंवा पोलादी कक्षाची समुद्राकडील भिंत पाण्याच्या पातळीखाली काही अंतरावर संपते. तिच्याखालून लाटेचा दाब आत पोहोचतो, परंतु हवा खालून निसटू शकत नाही. लाटेचे शिखर आले की आतील पाणी चढते व हवा टर्बाइनमधून बाहेर जाते. लाटेचा खळगा आला की पाणी उतरते व बाहेरची हवा त्याच मार्गाने आत येते.

लाटेची हालचाल संथ असते आणि जनित्राला वेगवान फिरणे लागते. ही तफावत हवा भरून काढते. उदाहरणार्थ, १०० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या कक्षात पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चढत असेल, तर सेकंदाला ५० घनमीटर हवा विस्थापित होते. ही हवा २ मीटर व्यासाच्या नळीतून जाताना तिचा वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर होतो. हवेचे आकुंचन येथे विचारात घेतलेले नाही. दंतचक्रे किंवा द्रवचलित दट्ट्ये न वापरता केवळ मार्ग अरुंद केल्याने वेग अनेक पटींनी वाढतो.

कक्षातील पाण्याला स्वतःचा एक नैसर्गिक आवर्तकाल असतो. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला असता तो जसा उंच जातो, तसेच लाटांचा आवर्तकाल व जलस्तंभाचा आवर्तकाल जुळल्यास अनुस्पंदन होऊन पाण्याची हालचाल वाढते. ८ सेकंदांच्या आवर्तकालासाठी पाण्याच्या स्तंभाची प्रभावी लांबी सुमारे १६ मीटर असावी लागते. प्रत्यक्ष समुद्रात मात्र निरनिराळ्या उंचीच्या व आवर्तकालांच्या लाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून कक्षाचे माप त्या जागी वर्षभर अधिक आढळणाऱ्या लाटांना अनुसरून ठरवले जाते.

वेल्स टर्बाइन

कक्षातील हवा दर काही सेकंदांनी दिशा बदलते. साधे टर्बाइन अशा प्रवाहात कधी सुलट तर कधी उलट फिरेल. सुरुवातीच्या साधनांत झडपा बसवून हवेचा प्रवाह एका दिशेचा केला जाई. लहान बोयांमध्ये हे शक्य होते, पण मोठ्या केंद्रांत वर्षाला लक्षावधी वेळा उघडझाप करणाऱ्या झडपा टिकवणे कठीण होते.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर आयर्लंडमधील क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्ट येथील प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी यावर उपाय शोधला. त्यांच्या टर्बाइनच्या पात्यांचा छेद दोन्ही बाजूंनी सममित असतो आणि पाती फिरण्याच्या प्रतलातच बसवलेली असतात. हवा कोणत्याही बाजूने आली तरी पात्यांवरील उद्धरण बलाचा एक घटक त्याच एका दिशेने कार्य करतो. त्यामुळे झडपांशिवाय टर्बाइन सतत एकाच दिशेने फिरत राहते.

या टर्बाइनला मर्यादाही आहेत. हवेचा वेग कमी असताना ते आपोआप वेग घेत नाही, वेग फार वाढला की पात्यांवरील प्रवाह विस्कटून कार्यक्षमता एकदम घसरते आणि ते चालताना मोठा आवाज करते. या उणिवांमुळे पुढे दोन्ही बाजूंनी मार्गदर्शक पाती असलेली आवेगी टर्बाइने विकसित करण्यात आली. ती कमी वेगाने फिरतात आणि हवेच्या वेगाच्या अधिक विस्तृत पल्ल्यात काम करतात.

इतिहास

लाटांच्या शक्तीवर यंत्रे चालवण्यासाठी फ्रान्समधील जिरार पिता-पुत्रांनी १७९९ साली पॅरिसमध्ये एकस्व घेतले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शिट्टी वाजवणारे बोये वापरात आले. त्यांच्या नळीत लाटांमुळे हवा दाबली जाऊन शिट्टी वाजे व जहाजांना धोक्याच्या जागेची सूचना मिळे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळील रॉयां येथे बोशो-प्रासेक यांनी १९१०च्या सुमारास याच तत्त्वावर आपल्या घरापुरती वीज निर्माण केली.

आधुनिक काळात या तंत्राचा पाया जपानी नौदलातील माजी अधिकारी योशिओ मासुदा यांनी घातला. हवेच्या टर्बाइनवर चालणारे त्यांचे दिवे बसवलेले नौकानयन बोये १९६५पासून जपानमध्ये व्यापारी तत्त्वावर वापरले जाऊ लागले. १९७३च्या तेलसंकटानंतर अनेक देशांनी पर्यायी ऊर्जास्रोतांकडे लक्ष वळवले. याच काळात जपानने ‘कायमेई’ हा ८० मीटर लांब व १२ मीटर रुंद तराफा बांधला. त्यावरील अनेक कक्षांत विविध टर्बाइनांच्या चाचण्या झाल्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली इतर देशांनीही त्यांत भाग घेतला. मिळालेली वीज अपेक्षेपेक्षा कमी होती, परंतु पुढील संशोधनाला या चाचण्यांचा उपयोग झाला.

नॉर्वेत बर्गनजवळ टोफ्टेस्टालेन येथे १९८५ साली ५०० किलोवॉट क्षमतेचे केंद्र उभारण्यात आले. उभ्या कड्यालगतचा त्याचा पोलादी मनोरा डिसेंबर १९८८मधील वादळात नष्ट झाला. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर डूनरे येथे ‘ऑस्प्रे’ हे २ मेगावॉटचे पोलादी साधन ऑगस्ट १९९५मध्ये समुद्रतळावर बसवले जात होते. काम चालू असतानाच लाटांच्या माऱ्याने ते निकामी झाले.

प्रमुख प्रकल्प

लिम्पेट: स्कॉटलंडच्या आयला बेटावर क्वीन्स युनिव्हर्सिटीने १९९१ साली ७५ किलोवॉटचे प्रायोगिक केंद्र चालू केले होते. त्या अनुभवावर आधारित ‘लिम्पेट’ हे केंद्र २००० साली सुरू झाले व वीज जाळ्याला जोडले गेले. खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या एका सागरी गोगलगायीच्या नावावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. किनाऱ्याचा खडक खोदून त्यात काँक्रीटचे तिरके कक्ष बांधण्यात आले होते. मूळ क्षमता ५०० किलोवॉट होती, ती पुढे २५० किलोवॉट करण्यात आली. हे केंद्र २०१२ साली बंद झाले.

पिको: पोर्तुगालच्या अझोरेस द्वीपसमूहातील पिको बेटावर १९९९ साली ४०० किलोवॉटचे केंद्र बांधून पूर्ण झाले. यंत्रांत पाणी शिरणे व तांत्रिक बिघाड यांमुळे ते दीर्घकाळ बंद राहिले. दुरुस्तीनंतर ते पुन्हा चालवण्यात आले. २०१८ साली बांधकामाचा काही भाग कोसळल्यावर त्याचे काम थांबले.

मुत्रिकू: स्पेनच्या बास्क प्रदेशातील मुत्रिकू बंदराच्या संरक्षणासाठी लाटरोधक भिंत बांधली जाणार होती. त्या भिंतीतच १६ कक्ष ठेवून प्रत्येकी १८.५ किलोवॉटचे टर्बाइन-संच बसवण्यात आले. एकूण २९६ किलोवॉटचे हे केंद्र जुलै २०११मध्ये सुरू झाले. भिंत बंदरासाठी उभारावयाचीच असल्यामुळे बांधकामाचा मोठा खर्च विजेवर पडला नाही. एका कक्षात दुरुस्ती चालू असली तरी उरलेले कक्ष काम करू शकतात. नव्या टर्बाइनांच्या व नियंत्रण पद्धतींच्या चाचण्यांसाठीही या केंद्राचा वापर होतो.

किंग आयलंड: ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील किंग बेटावर २०२१ साली २०० किलोवॉटचे साधन बसवण्यात आले. त्यातील झडपा हवा बाहेर जाताना उघडत आणि हवा आत ओढली जात असतानाच टर्बाइन फिरे. त्यामुळे एका दिशेच्या प्रवाहावर चालणारे साधे टर्बाइन वापरता आले. वेल्स टर्बाइनमुळे मागे पडलेली झडपांची कल्पना नव्या रूपात अशी पुन्हा पुढे आली.

भारतातील प्रयत्न

भारतात लाट ऊर्जेवरील संघटित संशोधन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाले. केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाने त्यास अर्थसाहाय्य दिले. विविध पर्यायांचा अभ्यास केल्यावर दोलायमान जलस्तंभाची निवड झाली आणि तिरुवनंतपुरमजवळील विझिंजम मासेमारी बंदराची जागा ठरली. सुमारे ३,००० टन वजनाची काँक्रीटची पेटी बंदराच्या लाटरोधक भिंतीपासून काही अंतरावर, सुमारे १० मीटर खोल पाण्यात समुद्रतळावर बसवण्यात आली. १५० किलोवॉट क्षमतेचे हे केंद्र ऑक्टोबर १९९१मध्ये कार्यान्वित झाले. त्यात २ मीटर व्यासाचे वेल्स टर्बाइन होते. पुढे तेथे इतर रचनांची टर्बाइनेही तपासण्यात आली. चेन्नईत १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेकडे नंतर या केंद्राचे काम आले.

विझिंजमच्या अनुभवातून भारतीय किनाऱ्याचे वैशिष्ट्य स्पष्ट झाले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत लाटा जोरदार असतात, तर उरलेल्या काळात त्या बऱ्याच सौम्य असतात. पावसाळ्याच्या लाटांसाठी बनवलेली यंत्रणा हिवाळ्यात क्षमतेच्या लहानशा अंशावर चालते. शिवाय लाटांबरोबर क्षणाक्षणाला बदलणारी वीज थेट जाळ्यात सोडणे गैरसोयीचे ठरते. म्हणून २००४ साली या विजेचा उपयोग समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी करण्यात आला. रिव्हर्स ऑस्मॉसिस पद्धतीच्या या संयंत्राची क्षमता दिवसाला १०,००० लिटर होती. वीज साठवणे खर्चिक असले तरी गोडे पाणी टाकीत सहज साठवता येते, हा या योजनेमागील विचार होता. विझिंजमचे केंद्र २०११ साली बंद करण्यात आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जागांचा लाट ऊर्जेसाठी विचार झालेला आहे. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडक, मालवण व पावस यांचा अशा जागांत उल्लेख होतो. येथेही शक्तीचा मोठा वाटा पावसाळ्यातच मिळतो. याच काळात समुद्र खवळलेला असल्याने होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि समुद्रातील यंत्राजवळ दुरुस्तीसाठी पोहोचणे अवघड असते.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑगस्ट २०१९मध्ये भरती-ओहोटी, लाटा व समुद्रातील तापमानातील फरक यांपासून मिळणारी ऊर्जा नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्य केली. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने याच तत्त्वावर चालणारा नौकानयन बोयाही विकसित केला असून चेन्नईच्या उत्तरेकडील कामराजर बंदराजवळ त्याची चाचणी घेण्यात आली.

अडचणी व अर्थकारण

टर्बाइन पाण्याबाहेर ठेवल्याने यंत्राचे रक्षण होते, परंतु कक्षाच्या भिंतींना लाटांचा मारा सोसावाच लागतो. टोफ्टेस्टालेन, ऑस्प्रे व पिको या तिन्ही ठिकाणी अखेर निकामी झाले ते बांधकाम. ऑस्ट्रेलियातही २०१४ साली सुमारे ३,००० टनांचे १ मेगावॉट क्षमतेचे एक साधन समुद्रमार्गे नेत असतानाच नादुरुस्त झाले. भक्कम बांधकामासाठी लागणाऱ्या काँक्रीट व पोलादाच्या मानाने मिळणारी वीज थोडी असल्यामुळे प्रत्येक युनिटचा खर्च वाढतो. टर्बाइनपर्यंत येणाऱ्या हवेत खारे तुषार असतात. त्यामुळे पाती, धारवे व विद्युत उपकरणे गंजतात.

स्थापित क्षमता व प्रत्यक्ष उत्पादन यांतील अंतर ही आणखी एक अडचण आहे. मुत्रिकू केंद्राच्या २०१४ ते २०१६ या काळातील उत्पादनाच्या अभ्यासात क्षमतेचा सरासरी वापर सुमारे ११ टक्के आढळला. या प्रमाणात २९६ किलोवॉटच्या केंद्रातून वर्षाला सुमारे २.८५ लाख युनिट वीज मिळते. पवन ऊर्जेच्या चांगल्या जागी क्षमतेचा वापर याच्या दुप्पट ते तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. पवनचक्क्यांची रचना तीन पात्यांच्या एका नमुन्यावर स्थिरावली आणि मोठ्या संख्येने उत्पादन होऊन त्यांचा खर्च उतरला. लाट ऊर्जेत तरंगती, झुलती, लाट वरून ओसंडणारी व हवेवर चालणारी अशी अनेक प्रकारची साधने स्पर्धेत असून कोणताही एक नमुना सर्वमान्य झालेला नाही.

पर्यावरणीय परिणाम

वीजनिर्मिती चालू असताना या साधनातून धूर अथवा राख बाहेर पडत नाही. पाण्याखाली फिरते भाग व तेलाने भरलेल्या यंत्रणा नसल्याने सागरी जीवांना इजा होण्याचा व तेलगळतीचा धोका कमी असतो. समुद्रतळावर बसवलेल्या काँक्रीटवर शिंपले व शैवाले वाढू शकतात. मात्र टर्बाइनचा आवाज वस्तीजवळ त्रासदायक ठरतो. त्यासाठी हवेच्या मार्गात ध्वनिशोषक बसवले जातात. खडक खोदून केलेल्या बांधकामामुळे किनाऱ्याचे मूळ रूप कायमचे बदलते. साधनांची लांब रांग उभारल्यास तिच्या मागील किनाऱ्यावर लाटांचा जोर व वाळूचे वहन बदलू शकते. मासेमारीच्या होड्यांचे मार्ग लक्षात घेऊनच जागेची निवड करावी लागते.

उपयोगाची क्षेत्रे

आजवरच्या अनुभवावरून दोलायमान जलस्तंभ तीन परिस्थितींत अधिक उपयुक्त ठरला आहे. पहिली म्हणजे नौकानयन बोया व समुद्रातील निरीक्षण उपकरणे. येथे वीज थोडीच लागते आणि बॅटरी बदलण्यासाठी वारंवार जहाज पाठवणे महाग पडते. दुसरी म्हणजे मुत्रिकूप्रमाणे बंदराच्या लाटरोधक भिंतीतच कक्ष सामावून घेणे. तिसरी म्हणजे मुख्य भूमीपासून दूर असलेली बेटे, जेथे डिझेल जाळून वीज निर्माण करावी लागते. या तिन्ही ठिकाणी लाटांपासून मिळणाऱ्या विजेची तुलना जाळ्यातील स्वस्त विजेशी होत नाही, तर त्या जागच्या महाग पर्यायाशी होते. मासुदा यांच्या बोयांपासून भारतीय बोयापर्यंत या तंत्राचा वापर सर्वाधिक सातत्याने टिकला आहे तो पहिल्या क्षेत्रात.

हेही पाहा

लाट ऊर्जा
भरती-ओहोटी ऊर्जा
पवन ऊर्जा
नवीकरणीय ऊर्जा
राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था